मेंदूचे थर रेखाटणारा डॉक्टर

माणसाच्या मेंदूची वरची साल, म्हणजे शास्त्रीय भाषेत प्रमस्तिष्काचे बाह्यक, दोन ते साडेचार मिलिमीटर जाडीची असते. तिच्या घड्या उलगडून ती सपाट पसरली, तर वर्तमानपत्राचे एक मोठे पान जेमतेम झाकले जाईल. एवढ्याशा जागेत सुमारे १,६०० कोटी चेतापेशी आहेत. त्या वाटेल तशा विखुरलेल्या नसून थराथरांनी मांडलेल्या आहेत. महाडहून भोरकडे जाणारा वरंध घाट चढताना शिवथरच्या खोऱ्याभोवतीच्या कड्यांत काळ्या कातळाचे आडवे थर एकावर एक रचलेले दिसतात, तशीच काहीशी ही रचना. सह्याद्रीतला प्रत्येक थर लाव्हाच्या एका स्वतंत्र लोंढ्याची नोंद आहे. मेंदूतला प्रत्येक थर कशाची नोंद आहे, हे मात्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत कोणालाच नीट सांगता येत नव्हते. ते सांगण्याचे काम ज्या माणसाच्या हातून झाले, तो विज्ञानाच्या राजधान्यांपासून दूर, स्पेनमधल्या एका आडगावी जन्मला होता. त्याला शास्त्रज्ञ व्हायचे नव्हते. चित्रकार व्हायचे होते.

सांतियागो रामोन इ काहाल यांचा जन्म १ मे १८५२ रोजी पेतिया दे आरागोन या डोंगराळ खेड्यात झाला. वडील हुस्तो रामोन हे गरिबीतून वर आलेले. न्हावीकाम आणि बारीकसारीक शस्त्रक्रिया करणाऱ्या वैदूपासून सुरुवात करून, पुढे रीतसर शिकून ते डॉक्टर झाले होते. अशा माणसाला मुलाने कागद आणि कोळसे घेऊन बसावे, हे रुचणे शक्यच नव्हते. आयेर्बे गावच्या चर्चमध्ये भिंती रंगवायला आलेल्या एका कारागिराला त्यांनी मुलाचे चित्र दाखवले. त्याने ते टाकाऊ ठरवले आणि वडिलांच्या दृष्टीने विषय तेथेच संपला. मुलाच्या दृष्टीने तो संपला नाही. लपूनछपून चित्रे काढणे सुरू राहिले.

हाका येथील धर्मगुरूंच्या शाळेत पाठांतर आणि छडी यांचाच कारभार होता. या मुलाला पाठांतर जमत नसे. त्यामुळे उपाशी ठेवणे, कोंडून ठेवणे या शिक्षा त्याच्या वाट्याला वारंवार आल्या. गोफण चालवण्यात मात्र त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वयाच्या अकराव्या वर्षी त्याने लाकडाच्या ओंडक्याची तोफ बनवून शेजाऱ्याचे फाटक उडवले आणि काही दिवस गावच्या कोठडीत काढले. वडिलांनी सुधारणेचा उपाय म्हणून त्याला आधी एका न्हाव्याकडे आणि मग एका चांभाराकडे उमेदवारीला ठेवले. चांभारकामात तो चांगला रमला, असे दिसते. पुढे सूक्ष्मदर्शकासाठी ऊतींचे पातळ काप घेताना लागणारी हाताची शिस्त त्या दुकानात आली की काय, असे वाटून जाते. पण तो केवळ तर्क.

वडील आणि मुलगा यांच्यातली कोंडी अखेर फुटली ती स्मशानात. १८६८ च्या उन्हाळ्यात शरीरशास्त्र शिकवण्यासाठी हुस्तो रामोन मुलाला जुन्या दफनभूमीत घेऊन गेले आणि तेथे उघडी पडलेली हाडे दोघांनी घरी आणली. हाडे समोर ठेवून ती रेखाटायची होती. ज्या छंदासाठी आजवर मार खावा लागला, तोच छंद आता अभ्यास ठरला. मुलाची रेखाटने पाहून वडिलांचेही मन पालटले. १८७३ मध्ये सारागोसा येथून सांतियागो वैद्यकीय पदवीधर झाला.

पदवी मिळताच सैन्यात भरती झाली आणि १८७४ मध्ये तरुण लष्करी डॉक्टर म्हणून काहाल यांची रवानगी क्यूबाला झाली. त्या काळी क्यूबा स्पेनची वसाहत होती आणि तेथे स्वातंत्र्ययुद्ध पेटले होते. दलदलीतल्या लष्करी इस्पितळात बंदुकीच्या गोळीपेक्षा हिवतापाने अधिक माणसे मरत होती. काहालही हिवतापाने खंगले आणि १८७५ मध्ये सेवेतून मुक्त होऊन परतले. थकलेल्या पगाराची जी रक्कम हाती आली, तिच्या आधारे त्यांनी पहिला सूक्ष्मदर्शक घेतला. १८७७ मध्ये डॉक्टरेटच्या परीक्षेसाठी माद्रिदला गेले असता तेथे त्यांनी सूक्ष्मदर्शकाखालचे जग प्रथमच नीट पाहिले होते आणि ते त्यांच्या डोक्यातून जात नव्हते. पुढच्याच वर्षी क्षयाने गाठले. त्यातूनही ते बचावले. १८७९ मध्ये सिल्वेरिया फान्यानास यांच्याशी विवाह झाला. मिळकत तुटपुंजी, पुढे सात मुलांचा प्रपंच, आणि त्यातच उपकरणे, रसायने, परदेशी नियतकालिके यांचा खर्च. हा संसार सिल्वेरियाबाईंनी कसा रेटला, याची नोंद शास्त्राच्या इतिहासात फारशी सापडत नाही.

१८८३ मध्ये वालेन्सिया विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. दोनच वर्षांनी त्या भागात पटकीची साथ आली. हाइमे फेर्रान या स्पॅनिश डॉक्टरने पटकीवर टोचण्याची लस पुढे आणली आणि तिच्यावरून देशभर वाद माजला. सारागोसाच्या प्रांतिक प्रशासनाने काहाल यांना अभ्यास करून अहवाल देण्यास सांगितले. मुंबईकरांना परिचित असलेले हाफकिन १८९३ मध्ये पटकीची लस घेऊन भारतात आले, त्याच्या आठ वर्षे आधीची ही गोष्ट. काहाल जंतुशास्त्राकडे वळले असते तर नवल नव्हते; त्या क्षेत्रात पैसा होता आणि प्रसिद्धीही. पण सारागोसाने कामाची पोच म्हणून त्यांना झाइस कंपनीचा उत्कृष्ट सूक्ष्मदर्शक भेट दिला आणि त्या भेटीने त्यांचा मार्ग ठरला. जंतूंच्या संशोधनाला प्रयोगशाळा, प्राणी आणि मदतनीस लागतात. ऊतींच्या अभ्यासाला चांगले भिंग, धारदार पाते आणि चिकाटी पुरते. ज्याच्या खिशात पैसे नाहीत, त्याने कोणता विषय निवडावा, याचा हा रोखठोक हिशेब होता.

मेंदूच्या पेशींचे कोडे तोवर का सुटले नव्हते, हे समजून घेण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. मेंदूच्या सालीत थर आहेत, ही गोष्ट नवी नव्हती. इटलीतील फ्रान्चेस्को जेन्नारी या विद्यार्थ्याने १७७६ मध्ये मेंदूच्या मागील भागातील एक पांढरी रेघ नुसत्या डोळ्यांनी टिपली होती. फ्रान्समध्ये बायार्जे यांनी १८४० मध्ये मेंदूचा पातळ काप दोन काचांमध्ये धरून, उजेडाकडे पाहून सहा थर मोजले होते. व्हिएन्नाचे मायनर्ट, कीव्हचे बेट्झ यांनी पेशींच्या आकारावरून थरांची वर्णने केली होती. अडचण पुढेच होती. सर्व पेशी एकदम रंगवल्या की समोर घनदाट जंगल उभे राही. कोणती फांदी कोणत्या झाडाची, हे कळेना. म्हणून बहुतेक विद्वानांनी असे मानून टाकले, की या फांद्या एकमेकींत मिसळलेल्याच असतात आणि सारा मेंदू म्हणजे एक अखंड जाळे आहे. तसे असेल तर थरांना फारसा अर्थ उरत नाही. जाळ्याला गाठी असतात, पण गाठींना स्वतंत्र अस्तित्व नसते.

या जंगलात शिरण्याची वाट कामिल्लो गोल्जी यांनी १८७३ मध्ये शोधली होती. मिलानजवळच्या आबियातेग्रास्सो गावी दीर्घ आजाऱ्यांच्या रुग्णालयात नोकरी करत असताना, तेथील स्वयंपाकघरात मांडलेल्या प्रयोगशाळेत त्यांना ती सापडली. मेंदूचा तुकडा आधी पोटॅशियम डायक्रोमेटमध्ये टणक करायचा आणि मग सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात ठेवायचा. काही पेशींमध्ये काळा क्षार साचतो आणि पिवळसर पार्श्वभूमीवर त्या नखशिखान्त काळ्या उमटतात. गंमत अशी, की शेकड्यातल्या मोजक्याच पेशी असा रंग घेतात. कोणत्या पेशी रंगतील, हे आधी सांगता येत नाही. या लहरीपणामुळे युरोपातल्या अनेकांनी ही पद्धत बाजूला ठेवली. वास्तविक तिची सारी उपयुक्तता त्या लहरीपणातच होती. जंगलातली बाकीची झाडे अदृश्य होऊन एकच झाड मुळापासून शेंड्यापर्यंत दिसू लागत होते.

काहाल यांनी ही काळी पेशी पहिल्यांदा पाहिली ती १८८७ मध्ये, माद्रिदला लुईस सिमार्रो या डॉक्टर मित्राच्या घरी. सिमार्रो नुकतेच पॅरिसहून काही काचपट्ट्या घेऊन आले होते. त्याच वर्षी काहाल यांची बदली बार्सिलोनाला झाली आणि तेथे त्यांनी या एका पद्धतीत स्वतःला गाडून घेतले. संध्याकाळचे तास खाणारे बुद्धिबळाचे व्यसन त्यांना जडले होते. प्रतिस्पर्ध्यांवर एकदा मनासारखी मात करून त्यांनी पट कायमचा मिटला.

त्यांनी पद्धतीत दोन बदल केले. एक म्हणजे रंगवण्याची प्रक्रिया एकाच तुकड्यावर दोनदा करायची. दुसरा बदल अधिक महत्त्वाचा होता. प्रौढ मेंदूतले तंतू मेदाच्या वेष्टनात गुंडाळलेले असतात आणि त्यांवर चांदीचा रंग चढत नाही. तेव्हा काहाल यांनी भ्रूणांचे आणि नवजात पिल्लांचे मेंदू घेतले. भाताचे पीक दाटल्यावर चिखलात कोणाची मुळे कोणाची, हे कळत नाही. पण लावणीआधी तरव्यातून उपटलेले रोप हातात घेतले, की त्याची मुळे सुटी दिसतात. शिवथरच्या खोऱ्यातल्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही. युरोपातल्या थोर प्राध्यापकांना ते सुचले नव्हते, किंवा सुचले तरी कोणी नेटाने केले नव्हते.

१८८८ हे त्यांच्या आयुष्यातले सर्वांत समृद्ध वर्ष ठरले. पक्ष्यांच्या लहान मेंदूत त्यांना दिसले, की एका पेशीचा तंतू दुसऱ्या पेशीभोवती टोपलीसारखा विणला जातो, पण तिच्यात मिसळत नाही. तो जवळ येतो आणि मोकळा संपतो. प्रत्येक चेतापेशी स्वतंत्र आहे. हा निष्कर्ष जाहीर करण्यासाठी त्यांच्याजवळ व्यासपीठ नव्हते. म्हणून त्यांनी पदरमोड करून स्वतःचे त्रैमासिक काढले. पहिल्या अंकाच्या प्रती निघाल्या साठ, आणि त्यांतल्या बहुतेक परदेशी विद्वानांना टपालाने गेल्या. उत्तर कोणाकडूनच येईना. कारण उघड होते. त्रैमासिक स्पॅनिश भाषेत होते आणि त्या काळी विज्ञानाच्या दरबारात जर्मन, फ्रेंच व इंग्रजी यांनाच मान होता. आपल्या भाषेत लिहिले तर कोणी वाचत नाही आणि परक्या भाषेत लिहावे तर आपल्याकडे शास्त्र रुजत नाही, हा पेच मराठीत शास्त्रीय लेखन करणाऱ्यांना नवा वाटू नये. काहाल यांनी दोन्ही केले. मूळ लेखन स्पॅनिशमध्ये ठेवले आणि महत्त्वाचे निबंध फ्रेंचमध्ये करून पाठवले.

तरीही लेखाने काम होईना, तेव्हा १८८९ मध्ये त्यांनी साठवलेले पैसे काढले, काचपट्ट्यांची पेटी घेतली आणि बर्लिनला जर्मन शरीरशास्त्रज्ञांच्या परिषदेत दाखल झाले. मोडक्या फ्रेंचमध्ये बोलणाऱ्या या अनोळखी स्पॅनिश माणसाकडे सुरुवातीला कोणी फारसे फिरकले नाही. त्यांनी सूक्ष्मदर्शक मांडले, पट्ट्या लावल्या आणि येईल त्याला पाहायला बोलावले. त्यांत आल्बर्ट क्योलिकर होते. वय बहात्तर, ऊतिशास्त्रातले सर्वांत वजनदार नाव, आणि तोवर जाळ्याच्या सिद्धान्ताकडे झुकलेले. त्यांनी पट्ट्या पाहिल्या आणि स्वतःचे मत बदलले. काहाल यांचे लेखन मुळातून वाचता यावे म्हणून या वयात ते स्पॅनिश शिकले. विज्ञानाच्या इतिहासात मोठ्या शोधांच्या कथा पुष्कळ आहेत. बहात्तराव्या वर्षी मत बदलणाऱ्या विद्वानांच्या फार थोड्या. १८९१ मध्ये वाल्डायर या जर्मन शास्त्रज्ञाने या स्वतंत्र पेशीला ‘न्यूरॉन’ हे नाव दिले. नाव त्यांचे, पुरावा बहुतांशी काहाल यांचा.

पेशी स्वतंत्र आहेत हे ठरल्यावर थरांचा प्रश्न नव्याने उभा राहिला. मेंदूची साल म्हणजे आता अनेक मजल्यांची इमारत झाली आणि प्रत्येक मजल्यावर कोण राहतो, त्याची ये-जा कोणत्या मजल्याशी आहे, हे विचारणे शक्य झाले. १८९० पासून काहाल यांनी उंदीर, ससा अशा लहान प्राण्यांच्या बाह्यकाचा अभ्यास सुरू केला. १८९२ मध्ये माद्रिदला प्राध्यापकपद मिळाल्यावर ते माणसाच्या मेंदूकडे वळले. त्यासाठी अगदी ताजे मेंदू हवे होते आणि तेही शक्य तितक्या कोवळ्या वयाचे. ते मिळाले माद्रिदच्या अनाथालयातून आणि प्रसूतिगृहातून. ज्या अर्भकांचे नावही कोणी ठेवले नसेल, त्यांच्या मेंदूंच्या कापांवरून माणसाच्या बुद्धीचा हा पहिला विश्वासार्ह नकाशा तयार झाला, ही गोष्ट आज वाचताना अस्वस्थ करते. परवानगी, संमती या कल्पना त्या काळच्या वैद्यकात नव्हत्या.

या कापांत काहाल यांना जे दिसले, ते थोडक्यात असे. सर्वांत वरच्या थरात पेशी विरळ आणि तंतू दाट. त्याखाली बारीक दाण्यांसारख्या पेशी. त्याखाली मनोऱ्याच्या आकाराच्या, ज्यांना पिरॅमिड पेशी म्हणतात. मध्ये पुन्हा दाणेदार थर. मेंदूच्या आतल्या भागातून येणारे संवेदनांचे तंतू मुख्यतः येथे उतरतात. त्याखाली मोठ्या पिरॅमिड पेशी, ज्यांचे लांबलचक तंतू पार पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत जाऊन हातापायांना हुकूम देतात. आणि तळाशी नाना आकारांच्या पेशींचा थर. खालच्या मजल्यावर राहणारी पिरॅमिड पेशी आपली मुख्य फांदी सगळे मजले ओलांडून थेट छतापर्यंत नेते. म्हणजे थर आडवे असले, तरी व्यवहार उभा आहे. काहाल यांनी बेडूक, सरडा, उंदीर आणि माणूस यांच्या अशा पेशी शेजारी शेजारी रेखाटून दाखवल्या. उत्क्रांतीच्या शिडीवर वर जावे तसा फांद्यांचा पसारा वाढत जातो.

या फांद्यांवर बारीक काटे असतात, हेही त्यांनीच १८८८ मध्ये प्रथम दाखवले. काटे म्हणजे रंगाचे डाग आहेत, असे गोल्जींसह अनेकांचे म्हणणे पडले. तेव्हा काहाल यांनी मेथिलिन ब्लू हा अगदी वेगळा रंग वापरला आणि १८९६ मध्ये तेच काटे पुन्हा दाखवले. शिकताना, आठवण ठेवताना मेंदूत जे बदल घडतात, त्यांची एक मोठी जागा म्हणजे हे काटे, हे आज प्रत्येक वैद्यकीय विद्यार्थी शिकतो.

थर नेमके किती, या प्रश्नावर मात्र त्यांचे इतरांशी जमले नाही. जर्मनीचे कोर्बिनियान ब्रोडमान यांनी १९०९ मध्ये बाह्यकाचा प्रसिद्ध नकाशा काढला, त्यातल्या प्रदेशांना क्रमांक दिले आणि सहा थरांचा साचा सर्वत्र लागू केला. मेंदूच्या शस्त्रक्रियेत हे क्रमांक आजही वापरले जातात. काहाल यांना प्रदेशागणिक थर बदलताना दिसत होते. दृष्टीच्या प्रदेशात तर त्यांनी नऊ मोजले होते. पाठ्यपुस्तकांत ब्रोडमान यांचे सहा टिकले. सोय आणि सत्य यांत सोयीचे पारडे बरेचदा जड होते, त्याचे हेही एक उदाहरण म्हणता येईल. अर्थात मोजायचे कसे, यावरच उत्तर अवलंबून असते, हेही खरे.

मान्यता आता चालत येऊ लागली. १८९४ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना मानाच्या क्रूनियन व्याख्यानासाठी बोलावले. मुक्काम चार्ल्स शेरिंग्टन यांच्या घरी होता. पाहुण्यांनी खोलीचीच प्रयोगशाळा केली आणि बाहेर जाताना ते दाराला कुलूप लावून किल्ली सोबत नेऊ लागले, तेव्हा यजमानीणबाईंना काय वाटले असेल, याची कल्पना करावी. या व्याख्यानात त्यांनी असे मत मांडले, की अभ्यासाने आणि सरावाने पेशींमधली जोडणी वाढते. पुढे १८९७ मध्ये दोन पेशींमधल्या भेटीच्या जागेला ‘सिनॅप्स’ हा शब्द शेरिंग्टन यांच्याच प्रयत्नातून रूढ झाला.

१८९९ मध्ये अमेरिकेतील क्लार्क विद्यापीठाचे निमंत्रण आले. आदल्याच वर्षी अमेरिकेने युद्धात स्पेनचा पराभव केला होता आणि क्यूबा हातून गेले होते. ज्या बेटावर काहाल यांनी तारुण्यातली प्रकृती गमावली, ते ज्यांनी घेतले त्यांच्याच देशात जाऊन व्याख्याने द्यायची होती. मनात नाराजी होती. तरी पत्नीसह ते गेले. विषय होता माणसाच्या मेंदूचे बाह्यक. १९०४ मध्ये त्यांचा चेतासंस्थेच्या रचनेवरचा महाग्रंथ पूर्ण झाला. पाने सुमारे १,८००, आकृत्या नऊशेच्या आसपास, आणि त्या स्वतःच्या हातच्या. आयेर्बेच्या कारागिराने टाकाऊ ठरवलेला तो हात होता.

१९०६ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक काहाल आणि गोल्जी यांना विभागून मिळाले. दोघे स्टॉकहोम येथे प्रथमच समोरासमोर आले. प्रसंग सलोख्याचा व्हायला हवा होता. तसे झाले नाही. ११ डिसेंबरला गोल्जी यांनी आपले व्याख्यान न्यूरॉनच्या सिद्धान्तावरच टीका करण्यात खर्च केले आणि जाळ्याचा पुरस्कार केला. गेल्या वीस वर्षांतल्या कामाची त्यांनी जणू दखलच घेतली नाही. दुसऱ्या दिवशी काहाल बोलले. त्यांनी पुरावा मांडला आणि गोल्जींच्या पद्धतीचे ऋणही मान्य केले. एकाच रंगपद्धतीने, एकाच प्रकारच्या पेशी पाहून दोन जाणकार माणसे अगदी उलट निष्कर्षांना यावीत आणि दोघांनाही एकाच वेळी पारितोषिक मिळावे, असा योग दुर्मीळच. न्याय गोल्जींवरही करायला हवा. १९५० च्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दोन पेशींमधली फट दाखवली आणि काहाल बरोबर ठरले. पण १९५९ मध्ये असेही आढळले, की काही पेशींमध्ये विजेचा प्रवाह थेट जाऊ देणारे सांधे असतात. जाळ्याची कल्पना साफ खोटी होती, असे म्हणता येत नाही. ती मोठ्या प्रमाणावर चुकीची होती.

त्याच वर्षी स्पेनच्या पंतप्रधानांनी काहाल यांना शिक्षणमंत्रिपद देऊ केले. ते त्यांनी नाकारले. विज्ञानासाठी शिष्यवृत्त्या देणाऱ्या आणि तरुणांना परदेशी पाठवणाऱ्या नव्या मंडळाचे अध्यक्षपद मात्र १९०७ मध्ये स्वीकारले. फावल्या वेळात रंगीत छायाचित्रणावर पुस्तक लिहिले, विज्ञानकथाही लिहिल्या. त्यांच्याभोवती शिष्यांचे मंडळ जमले, पण ते नेहमीच सौम्य गुरू नव्हते. पिओ देल रियो-होर्तेगा हा त्यांच्या हाताखालचा अत्यंत प्रतिभावान संशोधक. त्याला १९२० मध्ये त्यांनी प्रयोगशाळेतून बाहेर काढले. थोरपणाच्या हिशेबात ही बाजूही धरावी लागेल.

खेड्यापाड्यात, सोयींपासून दूर राहून जागतिक दर्जाचे संशोधन करता येते का, हा प्रश्न महाड-पोलादपूरच्या परिसराला अनोळखी नाही. महाडला वैद्यकीय व्यवसाय करता करता लाल विंचवाच्या दंशावरचे आपले काम ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकापर्यंत नेणारे डॉ. हिंमतराव बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली. विंचवाचे विषही अखेर चेतातंतूंवरच घाला घालते. काहाल यांच्या चरित्रात हे जे घरच्या खोलीतले विज्ञान दिसते, त्याची जातकुळी तीच आहे.

अखेरच्या काळातले त्यांचे एक मोठे काम निराशाजनक निष्कर्षाशी येऊन थांबले. तुटलेल्या नसा पुन्हा जोडल्या जातात का, याचा त्यांनी वर्षानुवर्षे शोध घेतला. हातापायांतल्या नसा वाढतात, पण प्रौढ मेंदूत आणि मज्जारज्जूत तंतू थोडे अंकुरतात आणि मग थांबतात, असे त्यांना दिसले. हे चित्र बदलणे हे पुढच्या पिढ्यांचे काम असल्याचे त्यांनी नोंदवून ठेवले. पाठीचा कणा मोडून खाटेला खिळलेल्या रुग्णांच्या घरी ते काम अजून पूर्ण झालेले नाही, हे रोज जाणवते.

१९३० मध्ये सिल्वेरियाबाई गेल्या. १७ ऑक्टोबर १९३४ रोजी, वयाच्या ८२ व्या वर्षी, माद्रिद येथे काहाल यांचे निधन झाले. अल्मुदेना दफनभूमीत त्यांना पत्नीशेजारी पुरण्यात आले. दोनच वर्षांत स्पेनमध्ये यादवी युद्ध पेटले आणि त्यांनी उभी केलेली परंपरा विखुरली. रियो-होर्तेगा देश सोडून अखेर ब्युनोस आयर्सला गेले आणि तेथेच १९४५ मध्ये वारले. राफाएल लोरेन्ते दे नो त्याआधीच अमेरिकेत पोचले होते. बाह्यकातल्या पेशी उभ्या साखळीत काम करतात, हे त्यांनी मांडले आणि १९५७ मध्ये व्हर्नन माउंटकॅसल यांनी मांजराच्या मेंदूत उभे स्तंभ दाखवून त्याला प्रायोगिक आधार दिला.

थर आकाराला कसे येतात, याचे उत्तर त्याहूनही उशिरा मिळाले, आणि त्याचा धागा पुन्हा काहाल यांच्याकडेच गेला. सर्वांत वरच्या थरात त्यांनी १८९० च्या सुमारास ससा आणि इतर प्राण्यांच्या पिल्लांत काही विचित्र, आडव्या पसरलेल्या पेशी पाहिल्या होत्या. स्वीडनच्या रेट्झियस यांना त्या माणसातही आढळल्या. दोघांच्या नावाने त्या ओळखल्या जातात. जन्मानंतर त्यांतल्या बहुतेक नाहीशा होतात, त्यामुळे त्यांचे काम काय, हे शंभर वर्षे गूढ राहिले. १९९५ मध्ये समजले, की या पेशी रीलिन नावाचे प्रथिन सोडतात. गर्भाच्या मेंदूत नव्या पेशी तळाशी जन्मतात आणि आधी आलेल्यांना ओलांडून वर चढतात. म्हणजे सर्वांत खालचा मजला आधी भरतो आणि वरचे मागाहून. हा चढ नीट पार पडावा यासाठी रीलिन लागते. ते नसलेल्या उंदरांत थरांचा क्रम जवळजवळ उलटा होतो आणि ते डगमगत चालतात. माणसात या जनुकात दोष असेल, तर मेंदूला नेहमीच्या घड्या पडत नाहीत आणि मूल गंभीर व्याधी घेऊन जन्माला येते.

मद्रासच्या आयआयटीतील संशोधकांनी डिसेंबर २०२४ मध्ये गर्भावस्थेच्या मधल्या टप्प्यातील मानवी मेंदूचा ‘धरणी’ हा त्रिमितीय नकाशा खुला केला. त्यात ५,१३२ काप पेशीपातळीपर्यंत पाहता येतात; घरबसल्या, संगणकाच्या पडद्यावर. काहाल यांची मूळ रेखाटने आणि काचपट्ट्या माद्रिदमध्ये आहेत. २०१७ मध्ये युनेस्कोने त्यांचा आणि त्यांच्या शिष्यांचा हा संग्रह जागतिक स्मृतिनोंदवहीत समाविष्ट केला. त्या शिष्यांत प्रयोगशाळेतून बाहेर काढलेल्या रियो-होर्तेगा यांचेही नाव आहे.